मुंग्यांचं मशीन

कान्हू घरताच्या कंबरेला कंपनीत जो मान मिळाला, तो खुद्द कान्हूला सगळ्या नोकरीत कधी मिळाला नव्हता. तिच्यासाठी मुंबईहून मशीन आलं, रोह्याहून डॉक्टरीण आली आणि शेवटी तिच्यासमोर मंडप घालून भाषणंही झाली. माणसाचं नाव मात्र भाषणात चुकीचंच घेतलं गेलं.

कान्हू पेणच्या खाली, धरमतरच्या खाडीवरच्या गावचा. बाप मिठागरात गेला, आजा मिठागरात गेला. कान्हू धाटावच्या केमिकल कंपनीत लागला, तेव्हा गावानं त्याला ओवाळलं. पोरगा मिठातून सुटला म्हणाले. सुटला आणि सोड्यात पडला. गोडाऊनमध्ये सोड्याच्या गोण्या ट्रकमधून पाठीवर घ्यायच्या, उतरणीवरून आत न्यायच्या आणि थप्पीला लावायच्या. ढकलगाडी आणा म्हणून कामगार कितीदा बोलले. उतरणीवर ढकलगाडी चालत नाही, असं उत्तर मिळालं. उतरण कोणी बांधली, ते कोणी विचारलं नाही.

एके दिवशी गोणी पाठीवर असताना कान्हूच्या कंबरेत कट्‌ असं वाजलं. डाव्या पायातून टाचेपर्यंत आग गेली. पण गडी ओरडला नाही. त्यानं आधी गोणी थप्पीला लावली, सरळ केली, मग खाली बसला. कंपनीची गोणी मातीत पडू नये म्हणून मोडक्या कमरेनं चार पावलं टाकणारी ही जात! हिच्यावर चिडावं की रडावं, तेच कळत नाही.

पेणच्या हाडांच्या डॉक्टरनं फोटो काढला. मणक्याची गादी सरकलीय म्हणाला. "वजन उचलायचं बंद. ऐकलं नाहीस तर हा पाय जाईल. मग चप्पल पायातून गळली तरी तुला कळणार नाही." तसं त्यानं कागदावरही लिहून दिलं. कान्हू पर्मनंट कामगार होता. त्याला काढता येईना, म्हणून कंपनीनं त्याला हलकं काम दिलं. ऑफिससमोरच्या लॉनला पाणी घालायचं.

आता यातली गंमत बघा. मिठागराच्या कुंडीत, मीठ पिकतं त्या वाफ्यात, गवताची काडीसुद्धा उगवू नये म्हणून कान्हूच्या बापानं जन्मभर चिखल पायांनी तुडवला. त्याचा पोरगा स्टुलावर बसून साहेबांच्या गवताला पाणी पाजत होता. कान्हूला पहिले काही दिवस लाज वाटली. मग वाटेनाशी झाली. कंबर दुखायची, पण पाय जागेवर होता.

असे हलक्या कामावरचे चौघे झाले. कान्हू, गुडघ्याचा शिवा, मानेचा बाबाजी आणि खांद्याचा दाजी. पर्सोनेल मॅनेजर खानोलकर साहेबांच्या डोळ्यांत हे चौघे कुसळासारखे सलू लागले. त्यांच्या मते कामगाराचं दुखणं हे पगारवाढीसारखं असतं. एकाला दिलं की सगळे मागतात. म्हणून त्यांनी 'वेदनामुक्त कामगार योजना' काढली आणि मशीन मागवलं.

मशीन म्हणजे रेडिओएवढी पेटी. तिला चार बटणं आणि प्रत्येक बटणातून निघालेल्या वायरींना रबरी चकत्या. चकतीला जेली लावायची, ती दुखऱ्या जागेच्या आजूबाजूला चिकटवायची आणि बटण फिरवायचं. चामडीवरून बारीक वीज जाते, नस तिच्याकडे बघत बसते, आणि मागून येणारं दुखणं दाराबाहेरच राहतं. ते चालवायला रोह्याच्या डॉक्टर टिपणीस बाई आठवड्यातून दोनदा कंपनीच्या दवाखान्यात येऊ लागल्या. बाई तरुण होत्या, सरळ होत्या आणि कंपनीत नवीन होत्या.

"दहापैकी किती दुखतं?" त्यांनी कान्हूला विचारलं.

"कशाच्या दहापैकी, बाई?"

"म्हणजे अजिबात दुखत नाही ते शून्य. मरणाचं दुखतं ते दहा."

"मरनाचं मना कसं कलंल? मेलो नाय अजून."

बाई हसल्या. "बरं, मग आत्ता कसं आहे?"

"बरं हाय."

"बरं आहे म्हणजे शून्य लिहू?"

"शून्य कशाला? बरं हाय म्हंजे बरं हाय."

बाईंचा दोष नव्हता. खाडीवरचा माणूस तिरडीवरून उठून बसला आणि कोणी 'कसं काय' विचारलं, तरी 'बरं हाय' म्हणेल. दुखतंय हे तोंडानं सांगायची तिथं चालच नाही. त्यासाठी बिब्बा असतो. दिव्यावर सुई तापवायची, बिब्ब्यात खुपसायची, आणि जे काळं तेल सुटतं त्याचे ठिपके दुखऱ्या जागी द्यायचे. चामडी काळी पडते, मग फुगते, उतते. मिठागरात तीच रजा. ठिपके उघडे टाकून माणूस बांधावर उभा राहिला की मुकादम काही विचारत नाही. नुसती हनुवटीनं सावली दाखवतो. उतलेल्या बिब्ब्यावर खारं पाणी गेलं तर माणूस नाचेल, हे मुकादमालाही ठाऊक असतं. चामडी भरून येईपर्यंत त्याला कोणी फावडं देत नाही, आणि त्यानंही तोंड उघडायचं नाही. ठिपके बोलतात.

बाईंनी चकत्या चिकटवल्या आणि बटण फिरवलं. कान्हू दचकला.

"मुंग्या!"

"चावतात का?"

"नाय. चालतात." त्यानं हनुवटी खाटेवर टेकवली. "लई चालतात."

मुंग्या चालत राहिल्या आणि दुखणं ओसरायला लागलं. भरती उतरावी तसं, आधी पोटरीतून, मग मांडीतून, मग कमरेतून. आपल्याला कंबर आहे हेच कान्हू विसरला. खाटेवर पालथा पडल्या पडल्या त्याला झोप लागली. बाईंनी हलवून उठवलं तेव्हा तो लहान पोरासारखा गोंधळून बघत होता.

"ऐका," बाई म्हणाल्या, "हे दुखणं गप्प केलंय, बरं केलेलं नाही. आतली गादी सरकली आहे ती तशीच आहे. वजन उचलायचं नाही म्हणजे नाही."

हे सगळं त्यांनी कागदावरही लिहिलं. पहिल्या ओळीत लिहिलं, रुग्णाला उत्तम आराम. दुसऱ्या ओळीत लिहिलं, वजन उचलणे सक्त मना. खानोलकर साहेब आले, त्यांनी कागद उचलला आणि पहिली ओळ वाचून खाली ठेवला. शिकलेला माणूस. एका ओळीत सगळं कळलं.

"काय कान्हू, पळाली का कंबर?"

"बरं हाय, साहेब."

"शाब्बास! अजून चार-सहा वेळा मुंग्या खा. मग आपलं गोडाऊन आहेच."

कान्हू शर्टाची बटणं लावत होता. तो मध्येच थांबला. मशीननं दुखणं घेतलं होतं, आणि त्या बदल्यात गोणी देऊ केली होती. 'नाय आराम' म्हणावं, तर नाटकी ठरवून काढतील. 'आराम हाय' म्हणावं, तर गोडाऊन आणि मागोमाग पाय. नोकरी ठेवायची की पाय, एवढाच सवाल होता, आणि दोन्ही टोकांना एकच बटण लावलेलं होतं.

घरी बायजा, त्याची बायको, ओट्यावर सुकट निवडत बसली होती. त्यानं सगळं सांगितलं.

"मंग सांगा ना साहेबाला, काय फरक नाय म्हनून," ती म्हणाली.

"फरक हाय गो. मशीन खरंच चांगलं हाय. झोपलो तितंच."

"लई चांगलं हाय ना? मंग तेच घ्या पाठीवर नि गोनी ऱ्हाऊ द्या."

"खोटं कसं बोलू? बाई इचारतं तवा डोल्यात बघतं."

"अवो, त्यो साहेब तुमच्या डोल्यात बघून खोटं बोलतो, तवा त्याला काय व्हतं? तुमचा पाय गेला तर मना बघायला लागंल, त्या बाईला नाय."

कोपऱ्यात कान्हूची म्हातारी आते, धोंडुबाई, भिंतीला टेकून ऐकत होती. गावात बिब्बा द्यायचं काम तिचंच.

"आरं, येवढा इचार कशाला?" ती म्हणाली. "बिब्बा लाव. बिब्बा लावलेल्या मानसाला कोन कामाला जुंपतो?"

कान्हूचा चेहरा उजळला. हे आपल्याला कसं सुचलं नाही! खोटं बोलायला नको, खरंही बोलायला नको. त्यानं तिथंच शर्ट काढला. म्हातारीनं सुई तापवली आणि कमरेवर, अगदी चकत्यांच्या जागी, काळे ठिपके दिले. एकही जागा सोडली नाही. कान्हूनं दात आवळले आणि समाधानानं डोळे मिटले. त्याला वाटलं, कंपनी म्हणजे मोठं मिठागर, आणि साहेब म्हणजे इस्त्रीचा मुकादम. इथंच तो चुकला.

पुढच्या खेपेला तो दवाखान्यात मोठ्या ऐटीत पालथा झाला. टिपणीस बाईंनी शर्ट वर केला आणि त्या मागं सरल्या.

"हे काय आहे? भाजलं का?"

"बिब्बा हाय."

"कशासाठी?"

"दुखतं म्हनून," असं कान्हूला म्हणता आलं असतं. पण तो नुसताच भिंतीकडे बघत राहिला. ठिपके बोलत होते की! यावर अजून काय बोलायचं?

"या उघड्या चामडीवर मी चकती लावूच शकत नाही," बाई म्हणाल्या. "हे बरं होईपर्यंत मशीन बंद."

कान्हूच्या मनात आलं, पोर रोह्याची असली तरी मुकादमाच्या अकलेची आहे. तो खुशीत लॉनवर गेला आणि पाइप हातात घेतला. जेवणाच्या सुट्टीआधी नोटीस आली. काम चुकवण्याच्या हेतूनं कामगारानं स्वतःच्या शरीरास जाणूनबुजून इजा केली, कामावरून का काढू नये याचा खुलासा करावा. मिठागरात जी रजा होती, ती इथं गुन्हा झाली.

नोटिसीच्या मागोमाग हैबतराव आले. हैबतराव म्हणजे युनियनचे पुढारी. पूर्वी गेटवर भाषण करायचे तेव्हा कावळे उडायचे. आता साहेबांच्या केबिनमधून बाहेर येताना त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास यायचा.

"कान्हू, लेका, एवढ्या चांगल्या योजनेत तू बिब्बा घातलास."

"योजनेत नाय घातला, कमरेवर घातला."

"विनोद करू नकोस. मी साहेबांच्या हातापाया पडलोय. हेड ऑफिसचे मोठे साहेब येणार आहेत मशीन बघायला. तोवर तुझं ते वाळंल. चौघांनी मशीनवर बसायचं आणि मोठ्या साहेबांनी विचारलं की बरं वाटतंय म्हणायचं. बस्स. नोटीस कपाटात जाईल."

"फाडनार नाय?"

"कपाटात जाईल म्हटलं ना."

"नि मंग गोडाऊन?"

"ते पुढचं पुढं. तसाही तू जन्मभर बरं हाय, बरं हायच म्हणत आलास. एकदा कंपनीसाठी म्हण. खानोलकर साहेब काय म्हणाले माहितीय? खाल्ल्या मिठाला जागा."

हे कान्हूनं बायजाला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की शेजारीण डोकावली.

"मीठ? आमाला मीठ सांगतो त्यो? त्याच्या आमटीतलं मीठ कोनाच्या बापानं पिकवलं, इचारा त्याला! जागायचं असंल तर त्यानं जागावं."

पण हसून नोटीस जात नाही. तीही मग निवडलेली सुकट पुन्हा पुन्हा निवडत राहिली.

मोठ्या साहेबांचा दिवस उजाडला. कान्हूनं पाणी पाजलेल्या लॉनवर मंडप पडला. माइक आला, खुर्च्या आल्या, लग्नात असतं तसं कॉफीचं मशीन आलं. ऑफिसच्या खिडकीतून एक लांब वायर काढून टेबलाशी प्लगची फळी ठेवली होती. पुढं चार प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर चौघे, शिवाची पँट वर आणि बाकीच्यांचे शर्ट वर केलेले. पाहुण्यांकडे पाठ होती आणि चकत्या लावलेल्या. कान्हूचा बिब्बा वाळला होता. नुसते डाग उरले होते. चकत्या लावून झाल्यावर टिपणीस बाईंना लांब, पाहुण्यांच्या रांगेशी, फुलांचे गुच्छ घेऊन उभं केलं. मशीन कसं चालतं हे त्या दिवशी फक्त त्यांनाच ठाऊक होतं, म्हणून त्यांना मशीनपासून दूर ठेवणं भागच होतं. बटणं मोठे साहेब स्वतःच्या हातानं फिरवणार होते.

आधी भाषणं झाली. खानोलकर साहेबांनी कान्हूला 'आपले कानोबा' म्हटलं. कंपनी हे कुटुंब असल्याचं त्यांनी तीनदा सांगितलं. हैबतरावांनी व्यवस्थापन आणि कामगार ही एकाच गाडीची दोन चाकं असल्याचं सांगितलं. तिकडं खुर्चीवर ताठ बसल्यानं कान्हूच्या कमरेत आग पेटली होती. ती मांडीतून पोटरीत उतरली. आता मुंग्या येतील, आता येतील, म्हणून तो वाट बघत होता.

मोठे साहेब उठले. त्यांनी चारही बटणं फिरवली. टाळ्या पडल्या.

मुंग्या आल्या नाहीत.

कान्हूला वाटलं, हळू चालू केलं असेल. तो थांबला. मागं कोणीतरी कॉफीचे कप फिरवत होतं. मोठे साहेब कप घेऊन चौघांच्या समोर आले आणि मराठीत, प्रेमानं, विचारू लागले.

"कसं वाटतंय?"

"बरं हाय, साहेब," शिवा म्हणाला.

"तुम्हांला?"

"एकदम बेष्ट," बाबाजी म्हणाला. "मुंग्याच मुंग्या!"

"तुम्हांला?"

दाजीला नोकरीची भीती सगळ्यांत जास्त. त्यानं दुखरा हात सरळ आकाशाकडे उचलून दाखवला. त्याचं तोंड काळंनिळं पडलं, पण ते पाहुण्यांना दिसत नव्हतं. टाळ्या वाजल्या.

"आणि आपले कानोबा?"

कान्हूच्या जिभेवर 'बरं हाय' तयार होतं. तोंडातून तेच यायचं होतं. पण पोटरीत कळ उठली, आणि त्याला कमरेवरचे डाग आठवले. ठिपक्यांनी एकदा बोलून बघितलं होतं. त्यांना नोटीस मिळाली. आता त्यांच्याऐवजी बोलायला तोंडाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

"दुखतंय," कान्हू म्हणाला.

हा शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. त्याचा त्यालाच तो कानाला चमत्कारिक वाटला.

"काय म्हणालास?" खानोलकर पुढं झाले.

"दुखतंय, साहेब. लई दुखतंय. मुंग्या आल्याच नाय."

"कान्हू!" हैबतराव दातांतून म्हणाले. "नोटीस विसरलास काय?"

मंडपात कुजबूज झाली. इतक्यात टिपणीस बाई गुच्छ खुर्चीवर टाकून तरातरा टेबलाशी आल्या. खाली वाकल्या आणि मशीनचा प्लग उचलून हातात धरला. तो फळीला लागलेलाच नव्हता. त्याच्या जागी दुसराच प्लग होता, आणि त्याची वायर कॉफीच्या मशीनकडं गेली होती.

"हे कोणी काढलं?"

"मी काढलं, बाय," कँटीनचा जनू म्हणाला. "कॉफी मोठ्या साहेबांना गरम पायजे म्हनाले. दुसरं भोकच नव्हतं."

पाहुणे हसले. खानोलकरांचा चेहरा सोड्यासारखा पांढरा झाला. कान्हूला वाटलं, आता उजेड पडेल. भीतीपोटी माणसं काय काय 'बरं हाय' म्हणतात, हे आज सगळ्यांच्या डोळ्यांना दिसलं.

पण मोठे साहेब मोठे उगीच होत नाहीत. त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि त्यांचे डोळे चमकले.

"अहो, हा तर प्रयोगच झाला! वीज नसताना या तिघांचं दुखणं गेलं. म्हणजे मुळात त्यांना दुखणं नव्हतंच. बरोबर?"

"अगदी बरोबर, साहेब," खानोलकरांच्या तोंडावर पुन्हा रंग आला.

"आणि वीज नाही हे यांना कळलं. म्हणजे यांचं दुखणं खरं. लावा तो प्लग."

प्लग लागला. बटण फिरलं. मुंग्या आल्या. भरती उतरली. साहेब त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"आता?"

कान्हू काय करणार? मघाशी खरं बोलला होता. आता अर्ध्यात खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"आता बरं हाय," तो म्हणाला.

सगळ्यांत मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या. तिथल्या तिथं निकाल लागला. शिवा, बाबाजी, दाजी यांना ताकीद, आणि उद्यापासून मूळ कामावर. कान्हूची नोटीस रद्द. तो प्रामाणिक कामगार ठरला. आणि मशीन त्याच्यावर खरोखर चालतं हे सिद्ध झाल्यामुळं कंपनीकडून त्याला बॅटरीवर चालणारं छोटं मशीन, पट्ट्याला अडकवायचं, भेट. ते लावून त्यानं सोमवारपासून गोडाऊनला जायचं.

"साहेब, पण वजन उचलायचं नाही असं मी लिहून दिलंय," टिपणीस बाई म्हणाल्या.

"लिहून दिलंय ना?" मोठे साहेब समजुतीनं म्हणाले. "मग ते फाइलला आहेच."

परतीच्या बसमध्ये नागोठणं मागं पडेपर्यंत तिघांपैकी कोणी कान्हूशी बोललं नाही. मग शिवानं तोंड सोडलं.

"काय रं हरिश्चंद्रा! तुज्या खरेपनानं आमची वाट लागली."

"मना काय म्हाईत? तुमी बरं हाय कशाला म्हनालात?"

"तू काय म्हनत व्हतास इतकी वर्सं?"

दाजी खांदा धरून खिडकीबाहेर बघत होता. उचललेला हात अजून त्याला खाली नीट घेता येत नव्हता.

"मुंग्याच मुंग्या म्हनं!" बाबाजी स्वतःलाच शिवी देत म्हणाला.

सोमवारी कान्हू गोडाऊनला गेला. पट्ट्याला काडेपेटीहून थोडी मोठी डबी, शर्टाखाली चकत्या. ट्रक लागलेला होता. ठेकेदाराचा मुकादम गुणाजी दारात लंगडत येरझाऱ्या घालत होता.

"आला का विजेवरचा गडी? चल, लाव बटन नि घे."

कान्हूनं बटण फिरवलं. मुंग्या चालू लागल्या. दुखणं गेलं. इतकं साफ गेलं की त्याला कुठं दुखत होतं तेच आठवेना. शरीर हलकं झालं. वाटलं, एक काय, दोन गोण्या घ्याव्यात. तो ट्रकाच्या फाळक्याशी गेला, पाठ वाकवली, वरच्या पोरानं गोणी पुढं सरकवली, आणि गोणीचा काठ पाठीला टेकला.

तिथं तो घाबरला. पूर्वी गोणी टेकली की कंबर बोंबलायची, नको म्हणायची. तो कधी ऐकत नव्हता ही गोष्ट वेगळी, पण ती बोंबलायची. आज कोणी नको म्हणत नव्हतं. आत गादी सरकत असेल, नस चेपत असेल, आणि मुंग्या आनंदात फिरत असतील. पाय जाईल आणि त्यालाच शेवटी कळेल.

तो गोणीखालून बाजूला झाला. थप्पीशी गेला, खालच्या गोणीवर बसला आणि पाठ वरच्या गोणीला टेकली.

"काय झालं रं?" गुणाजी ओरडला.

"काय नाय."

"मंग बसलास का?"

"बसलो."

गुणाजीनं साहेबांना बोलावणं धाडलं. खानोलकर आले. गोडाऊनमध्ये ते कधी येत नसत. सोड्यानं त्यांचे डोळे झोंबू लागले.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"मशीन चालू आहे?"

"चालू हाय. मस्त चाललंय. बाईंला सांगा, लई उपकार झाले."

"मग ऊठ!"

"नाय."

"अरे, दुखत नाही म्हणतोस, मग उठायला काय धाड भरलीय?"

"दुखत नाय म्हनूनच बसलोय, साहेब," कान्हू म्हणाला. आवाजात चढ नव्हता, भांडण नव्हतं. "दुखत व्हतं तवा जल्मभर उचलल्या. आता बरं वाटतंय. बरं वाटत असताना कोन गोनी उचलंल?"

खानोलकर बघत राहिले. दुखण्याचं सोंग करणारा कामगार त्यांच्या नियमांत बसत होता. दारू प्यालेला बसत होता, झोपलेला बसत होता. आपल्याला अगदी बरं वाटतंय असं सांगून बसून राहिलेला माणूस कुठल्या कलमात घालावा, ते त्यांना उमजेना.

"नोकरी जाईल," ते शेवटी म्हणाले.

"जाईल," कान्हू म्हणाला. "पाय ऱ्हाईल."

साहेब नोटीस टाइप करायला निघून गेले. ट्रकवाल्यानं हॉर्न मारला. गुणाजीनं एकदा बाहेर बघितलं, एकदा थप्पीकडं. मग लंगडत कान्हूपाशी आला, इकडं तिकडं बघत खाली टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, "कान्या, त्याला दुसरी वायर बी हाय काय रं? ह्यो गुडघा..."

"हाय की," कान्हू म्हणाला. "पँट वर घे."